कुत्रीला मधुमेह झाला, आता बोक्याचे काय?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक भगिनी आणि त्यांचे यजमान दोघेही निवृत्त आहेत. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला असतो आणि मार्चमध्ये तिकडे जाण्याचा दोघांचा बेत आहे. घरात आठ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री चिनू आणि सहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका बंड्या असे दोन प्राणी आहेत (नावे बदलली आहेत). चिनू दिवाळीच्या सुमारास माजावर येऊन गेली. त्यानंतर तिचे पाणी पिणे वाढत गेले, रात्री घरात लघवी होऊ लागली आणि भरपूर खाऊनही अंग उतरत गेले. ‘वय झाले’ असे म्हणून घरच्यांनी महिनाभर वाट पाहिली. गॅलरीत तिने केलेल्या लघवीला मुंग्या लागलेल्या दिसल्या तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेले, आणि रक्तातील साखर 430 निघाली. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि लवकरच गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. यजमानांना स्वतःला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे, त्यांच्या डॉक्टरांनीही अलीकडे इन्सुलिनचा विषय काढला आहे, आणि ‘मुक्या जिवाला रोज दोनदा टोचणे हा छळ आहे’ असे त्यांचे मत आहे. नणंदेने कारल्याचा रस आणि यजमानांच्याच गोळीतली अर्धी गोळी सुचवली आहे. मुलाने फोनवर आईलाच दोष दिला की चहाबरोबरच्या बिस्किटांनी आणि सणावारांच्या पेढ्यांनी हे झाले. या भगिनी विचारतात: हे माझ्या हातून झाले का? इन्सुलिन टाळता येईल का? शुगर-फ्री बिस्किटे चालतील का? आणि सात किलो वजनाच्या बंड्यालाही हा आजार होईल का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला एका ओळीत कळवले होते की डॉक्टरांनी सांगितलेले इन्सुलिन सुरू करा, माझ्या उत्तरासाठी थांबू नका. सविस्तर उत्तर आता इथे देत आहे, कारण तुमच्यासारखेच प्रश्न कमीअधिक फरकाने पुष्कळ घरांतून येतात, आणि बहुतेक घरांत ते महिनाभर उशिरा येतात.

तुमच्या पत्रात पेढ्यांवर एक अख्खा परिच्छेद आहे आणि चिनू माजावर येऊन गेल्याचा उल्लेख एका ओळीत आहे. माझ्या दृष्टीने ती एक ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. कुत्रीचा माज संपल्यावर, गर्भ राहिलेला असो वा नसो, तिच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढे राहते. कुत्र्यांच्या बाबतीत या प्रोजेस्टेरॉनमुळे स्तनग्रंथींमधून वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, रक्तात येऊ लागते आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवे येते. तरुण आणि सडपातळ कुत्रीचे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन तयार करून ही वेळ निभावून नेते. आठ वर्षांच्या, वजन वाढलेल्या कुत्रीच्या स्वादुपिंडाला ते दरवेळी जमतेच असे नाही. नसबंदी न झालेल्या मादीला मधुमेह होतो तेव्हा तो पुष्कळदा माजानंतरच्या याच काळात उघडकीस येतो, आणि तुम्ही दिलेला घटनाक्रम त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

म्हणून डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया हा उपचाराचाच भाग आहे, तो वेगळा आणि पुढे ढकलता येण्यासारखा विषय समजू नका. प्रोजेस्टेरॉनचा स्रोत असलेले अंडाशयच काढले की इन्सुलिनला होणारा अडथळा दूर होतो. ही शस्त्रक्रिया वेळेत झाली तर काही कुत्र्यांचा मधुमेह मागे हटतो आणि इन्सुलिन बंद करता येते. उशीर झाला तर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कायमच्या थकतात आणि मग इन्सुलिन आयुष्यभराचे होते. चिनू यांपैकी कोणत्या बाजूला पडेल हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण शस्त्रक्रिया केलीच नाही तर पुढच्या प्रत्येक माजाला साखर पुन्हा हाताबाहेर जाणार, एवढे निश्चित धरून चाला. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: तिच्या गर्भाशयाची सोनोग्राफी झाली आहे का? माजानंतर एक-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आजारही याच वयात, याच काळात होतो आणि त्यातही कुत्री घटाघटा पाणी पिते. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, आणि पू आत असेपर्यंत इन्सुलिनचा म्हणावा तसा परिणाम दिसत नाही.

आता पेढ्यांविषयी. गोड खाल्ल्याने मधुमेह होतो ही समजूत आपण माणसांच्या आजारावरून प्राण्यांच्या आजारावर आणून बसवतो, आणि माणसांतही ती अर्धवटच खरी आहे. कुत्र्यांचा मधुमेह बहुतांशी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झाल्यामुळे होतो. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटते, कधी स्वादुपिंडाच्या दाहात त्या होरपळतात, आणि कधी चिनूसारखे संप्रेरकांचे कारण असते. काही जातींमध्ये तो अधिक आढळतो; आपल्याकडे घरोघरी दिसणारा पग त्यांपैकी एक. यांपैकी कोणतेही कारण पेढ्यापाशी सुरू होत नाही. मात्र म्हणून बिस्किटांना निर्दोष प्रमाणपत्रही मी देणार नाही. नेहमीच्या ग्लुकोज बिस्किटात प्रत्येकी साधारण 25 कॅलरी असतात आणि दिवसभर घरात लोळणाऱ्या 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला 1200 कॅलरींच्या आसपास पुरतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या चहाला दोन-दोन बिस्किटे दिली तर आहाराच्या बाराव्या हिश्शाएवढी भर रोज पडते आणि ती वजनात दिसते. त्याहून मोठा धोका तळणाचा आहे. चकलीचे तुकडे, मटणाच्या रश्श्यावरचा तवंग, साजूक तुपात परतलेला उरलासुरला भात असे स्निग्ध पदार्थ एकदम पोटात गेले की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि असे वारंवार झाले तर इन्सुलिनच्या पेशीही त्यात जातात. तुमच्या मुलाने हिशेब मांडायचाच असेल तर पेढ्यांच्या आधी दिवाळीच्या फराळाचा मांडावा, आणि त्याच्याही आधी हे विचारावे की आठ वर्षांत कुत्रीची नसबंदी का झाली नाही. त्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे, एकट्या आईने नव्हे.

इतर वाचकांसाठी इथेच एक सूचना. माज लांबवण्यासाठी किंवा थांबवण्यासाठी जे इंजेक्शन दिले जाते, त्यात प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचे औषध असते आणि त्यानेही मधुमेह उद्भवू शकतो. पिल्ले नको असतील तर इंजेक्शनाच्या पळवाटेपेक्षा योग्य वयात केलेली शस्त्रक्रिया बरी. त्याचप्रमाणे खाजेसाठी वारंवार दिली जाणारी, दीर्घकाळ अंगात राहणारी स्टेरॉइडची इंजेक्शने कुत्र्यांत आणि विशेषतः मांजरांत साखर वाढवतात. खाज थांबली म्हणून दर महिन्याला ‘तेच इंजेक्शन द्या’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. त्यात कोणते औषध आहे आणि त्याला पर्याय काय, हे विचारावे.

इन्सुलिन टाळता येईल का, या प्रश्नाकडे वळतो. गोळ्या माणसांना चालतात, कारण त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात थोडेफार इन्सुलिन तयार होत असते आणि गोळी त्याला हातभार लावते. कुत्र्याच्या शरीरात बहुधा हातभार लावण्याइतके काही उरलेलेच नसते, त्यामुळे गोळ्यांवर कुत्र्याची साखर आटोक्यात राहत नाही. मध्ये जे आठवडे जातात, त्यात शरीर ऊर्जेसाठी चरबी जाळत राहते आणि रक्तात किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचतात. ती अवस्था आली की खाणे सुटते, उलट्या होतात, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आणि मग दवाखान्यात सलाईनवर ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. कारल्याच्या रसाने तोंडाची चव जाईल, कदाचित पोट बिघडेल आणि तो दिवस उपाशी जाईल. इन्सुलिन घेणाऱ्या प्राण्याने उपाशी राहणे हाच एक धोका आहे. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही, पण औषधाची ही वाट बंद करा.

यजमानांच्या ‘छळ’ या शब्दाविषयी थोडे थांबून लिहितो, कारण घरात निर्णय अडला आहे तो तिथेच. इन्सुलिनची सुई अतिशय बारीक आणि आखूड असते, आणि कुत्र्याच्या मानेमागची व बरगड्यांवरची कातडी सैल असल्याने ती चिमटीत धरून टोचता येते. बहुतेक कुत्री वाटीकडे बघत असताना इंजेक्शन होऊनही जाते आणि त्यांना पत्ता लागत नाही. छळ म्हणायचा तर तो उपचार न झालेल्या मधुमेहाचा आहे: रात्री तीनदा उठून पाणी शोधायचे, घरात लघवी झाली म्हणून ओशाळून कोपऱ्यात बसायचे, ताट चाटूनपुसून खाल्ल्यावरही भुकेले राहायचे. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की यजमानांच्या डॉक्टरांनीही त्यांना इन्सुलिनविषयी सुचवले आहे आणि ते दोन महिने तो विषय टाळत आहेत. मला वाटते, त्यांच्याशी चिनूविषयी बोलताना हे ध्यानात ठेवावे. त्यांचा विरोध चिनूला टोचण्याला जितका आहे तितकाच टोचून घेण्याच्या कल्पनेलाही असू शकेल, आणि तसे असेल तर वाद घालून तो सुटणार नाही. पहिली दोन-तीन इंजेक्शने डॉक्टरांच्या समोर, यजमानांच्याच हातून होऊ द्या. सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे, 1889 मध्ये श्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, त्याच्या लघवीत साखर आढळली, आणि मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे कळले. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा प्रयोग केला तोही कुत्र्यांवरच. माणसांना पुढे कित्येक दशके डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले गेले, आणि त्यांपैकी डुकराचे इन्सुलिन रचनेने कुत्र्याच्या इन्सुलिनसारखे हुबेहूब असते. यजमानांच्या गोळ्यांमागचे पुष्कळसे ज्ञान कुत्र्यांच्या जिवावर मिळालेले आहे. एका कुत्रीला त्याचा लाभ होण्यात वावगे काही नाही.

उपचार न करणे हा पर्याय म्हणून मी मोजत नाही. प्राण्याला कायमचे झोपवण्याविषयी तुम्ही थेट लिहिलेले नाही, पण ‘शेजारी म्हणतात तिला मोकळे करा’ या वाक्याचा रोख तिकडेच आहे. ज्या घरात दिवसातून दोनदा बारा तासांच्या अंतराने कोणीच हजर राहू शकत नाही, किंवा दुसरा गंभीर आजार सोबत आहे, अशा घराने तो विचार डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावा, त्यात शरमण्यासारखे काही नाही. तुमचे घर तसे नाही. दोन निवृत्त माणसे, ठरलेल्या वेळी जेवणारी, एक जण साखर मोजण्याच्या यंत्राशी परिचित. चिनूला याहून सोयीचे घर मिळणे कठीण.

रोजच्या व्यवहारातले मुद्दे आता सांगतो, आणि यांतले काही डॉक्टरांच्या घाईत राहून जातात. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी वेळ धरा, आधी खाणे आणि खाल्ल्याची खात्री झाल्यावर इन्सुलिन. तिने ताटाला तोंड लावले नाही किंवा ओकून टाकले तर मात्रा परस्पर देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. दिले की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. एखादी मात्रा चुकल्याने होणारे नुकसान दुप्पट मात्रेच्या मानाने किरकोळ असते. फ्रिजच्या दारावर एक वही टांगा आणि देणाऱ्याने लगेच खूण करावी, म्हणजे दोघांनीही दिले असा प्रकार होणार नाही. बाटली फ्रिजच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात नव्हे, आणि बाटली जोरजोरात हलवू नये. गढूळ दिसणारे इन्सुलिन असेल तर दोन तळव्यांत हलकेच घोळवावे.

सिरिंजविषयी विशेष काळजी घ्या. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिलिलिटरला 40 युनिटचे आणि 100 युनिटचे अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिने मिळतात आणि त्यांच्या सिरिंजा वेगळ्या असतात. 40 च्या सिरिंजेला लाल टोपण असते, 100 च्या सिरिंजेला नारिंगी. 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजेने भरले तर खुणेपेक्षा अडीचपट औषध शरीरात जाते. दुकानदाराने ‘एकच असते हो’ म्हटले तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा स्वतः चष्मा लावून जुळवून पाहा. शस्त्रक्रियेनंतर तर आणखी दक्ष राहायचे आहे, कारण अडथळा दूर झाल्यावर तीच मात्रा तिला जास्त पडू शकते. साखर खाली गेल्याची खूण म्हणजे अचानक अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, भांबावलेली नजर आणि शेवटी झटके. अशा वेळी मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा, घशात ओतायचा नाही, आणि ती सावध झाल्याबरोबर खायला देऊन डॉक्टरांकडे न्यायचे. मधाची बाटली इन्सुलिनच्या वहीशेजारीच ठेवा. यजमानांचे साखर मोजायचे यंत्र घरात कल समजण्यापुरते उपयोगी पडेल. कानाच्या कडेवरून थेंबभर रक्त घेता येते. परंतु माणसांची यंत्रे कुत्र्या-मांजरांची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, त्यामुळे त्या आकड्यावरून मात्रा स्वतः ठरवू नका.

शुगर-फ्री बिस्किटांच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि हे प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने लक्षात ठेवावे. काही शुगर-फ्री बिस्किटे, च्युइंगम, पुदिन्याच्या गोळ्या आणि टूथपेस्ट यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. माणसाला तो निरुपद्रवी असला तरी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून तो एकदम इन्सुलिन बाहेर काढते, अर्ध्या-एक तासात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि मात्रा मोठी असेल तर यकृत निकामी होते. मधुमेही यजमानांसाठी आणलेला डबा चिनूच्या तोंडाच्या उंचीवर राहू देऊ नका. चहाच्या वेळी काहीतरी हवेच असा तिचा हट्ट असेल तर काकडीचा किंवा उकडलेल्या फरसबीचा तुकडा द्या. मनुका आणि द्राक्षे मात्र देऊ नयेत. नाशिकच्या घरात ती सहज हाताशी असतात, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ती घातक ठरू शकतात. मुख्य आहार डॉक्टरांनी ठरवून दिलेला, दररोज त्याच प्रमाणात आणि त्याच वेळेला असावा. एके दिवशी भात-चिकन, दुसऱ्या दिवशी पोळी-दूध असे चालू राहिले तर इन्सुलिनची मात्रा बसणार नाही.

चिनूच्या डोळ्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगितले पाहिजे. साखर वाढली की कुत्र्याच्या डोळ्याच्या भिंगात पाणी शिरते आणि मोतीबिंदू होतो. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना तो वर्षभराच्या आसपास गाठतो, साखर बऱ्यापैकी ताब्यात असली तरीही. मोठ्या शहरांत त्याची शस्त्रक्रिया होते. ती केली नाही तरी कुत्री वासावर आणि सवयीवर चांगली वावरतात, फक्त सोफा आणि पाण्याचे भांडे यांची जागा बदलू नये.

आता बंड्या. मांजराचा मधुमेह हा निराळा आजार आहे आणि तो यजमानांच्या आजाराच्या पुष्कळ जवळचा आहे: इन्सुलिन तयार होते, पण लठ्ठ शरीर त्याला दाद देत नाही, आणि पेशी हळूहळू थकतात. नर, नसबंदी झालेला, वजनदार, घरातच राहणारा आणि कोरड्या दाण्यांची वाटी चोवीस तास भरलेली, हे वर्णन तुम्ही बंड्याचे केले आहे आणि आम्ही धोक्यातल्या मांजराचे नेमके हेच करतो. नसबंदी हा यातला एक घटक असला तरी तिचा पश्चात्ताप करू नका. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, एवढे ध्यानात घेऊन वाटी लहान करायची असते. चिनूच्या बाबतीत जी संधी निघून गेली ती इथे अजून शिल्लक आहे. मांजर मुळात मांसाहारी. त्याच्या यकृताची घडण एका वेळी मोठ्या प्रमाणात आलेले पिष्टमय अन्न हाताळण्यासाठी झालेली नाही. कोरड्या खाद्याला दाण्याचा आकार देण्यासाठी पीठ लागतेच, त्यामुळे शक्य असेल तर निम्मे तरी ओले, मांसाचे प्रमाण अधिक असलेले खाद्य सुरू करा. नुसते उकडलेले चिकन रोज देणे मात्र अपुरे पडते, त्यात कॅल्शियम आणि इतर घटकांची उणीव राहते. दूध-पोळीवर मांजर वाढवण्याची आपली जुनी पद्धत तर आता सोडून द्यावी.

वजन उतरवताना घाई करू नका, कारण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे बंड्यासाठी साधारण 70 ग्रॅम, एवढा वेग पुरेसा आहे. या हिशेबाने सात किलोवरून साडेपाचपर्यंत यायला पाच-सहा महिने लागतील. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून द्या. मुठीने दिलेले नेहमी जास्तच पडते. वजनासाठी आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग त्याला उचलून, आणि फरक वहीत लिहावा. शरीर योग्य आहे की नाही हे हातालाही कळते: आपण मूठ न वळता हात सपाट धरला असता त्याच्या पाठीमागच्या बाजूला बोटांची हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. बंड्याच्या बरगड्या शोधाव्या लागत असतील तर अजून काम बाकी आहे.

मांजराच्या बाबतीत लक्षणे दिसायला उशीर होतो, कारण ते कुठे आणि किती लघवी करते हे कोणी पाहत नाही. मातीच्या किंवा लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शौचासाठीच्या वाळूच्या, डब्यातले ढेकूळ नेहमीपेक्षा मोठे होऊ लागले, नळाखाली किंवा बादलीत तोंड घालून पिणे सुरू झाले, अंगावरचे केस राठ आणि गुंतलेले दिसू लागले, तर ती नोंद घ्या. खिडकीवर एका उडीत चढणारा बोका आधी खुर्चीवर आणि मग खिडकीवर असा जाऊ लागला, किंवा मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागला, तर त्याच्या पायांच्या नसांवर साखरेचा परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे.

पाणी मोजणे ही घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त तपासणी आहे आणि ती फुकट आहे. सकाळी मापाच्या भांड्याने ठरावीक पाणी भरायचे, दिवसभरात घातलेले टिपून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उरलेले वजा करायचे, आणि असे तीन दिवस करून सरासरी काढायची. कुत्र्याने किलोमागे 100 मिलिलिटरहून जास्त आणि मांजराने किलोमागे 50 मिलिलिटरहून जास्त पाणी प्यायले तर डॉक्टरांकडे जावे. म्हणजे 30 किलोच्या कुत्रीला तीन लिटर ही धोक्याची खूण झाली, आणि सात किलोच्या बोक्याला 350 मिलिलिटर. तुमच्या घरात दोन प्राणी एकाच भांड्यातून पितात, तर हे तीन दिवस त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आकडा थोडा चढेल, ते गृहीत धरा. जास्त पाणी पिणे म्हणजे मधुमेहच असे मात्र नाही. मूत्रपिंडाचे आजार, वयस्कर मांजरांत थायरॉइड, कुत्र्यांत मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचा बिघाड यांतही तेच दिसते. मुंग्यांचेही तसेच. रक्तातील साखर कुत्र्यांत साधारण 200 च्या आणि मांजरांत 250 ते 300 च्या पलीकडे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, त्यामुळे मुंग्या दिसल्या तर तपासणी करावी, पण दिसल्या नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये. आणि पाणी कमी देऊन लघवी कमी करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तहान ही तिची गरज आहे, खोड नव्हे.

बंड्याची रक्ततपासणी करून घ्या, मात्र एका आकड्यावर घाबरू नका. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्याच्या टेबलावर नुसत्या ताणाने 300 पर्यंतही जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइन ही तपासणी मागावी. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देते. मुंबईकरांसाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे, आणि नागपूर व शिरवळच्या परिसरातील वाचकांसाठी तिथल्या महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, तिथे अशा प्रकरणात दुसरे मत घेता येते. बंड्याला पुढे मधुमेह झालाच, तरी लवकर इन्सुलिन आणि योग्य आहार मिळालेली काही मांजरे त्यातून बाहेर पडतात. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरमध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे द्रवरूप औषध काही निवडक मधुमेही मांजरांसाठी मंजूर झाले आहे. त्याच गटातली औषधे माणसांनाही दिली जातात, तेव्हा ही बातमी वाचून कोणी यजमानांच्या गोळीचा तुकडा बंड्याला देऊ पाहील. तसे करू नये, कारण या औषधांवर असताना साखर साधारण दिसूनही मांजराच्या रक्तात किटोन साचू शकतात. कुत्र्यांसाठी ती नाहीतच.

राहिला मार्चमधला बंगळूरचा बेत. तो रद्द करू नका, पण शस्त्रक्रिया झाल्यावर आणि मात्रा निदान तीन आठवडे स्थिर राहिल्यावरच निघा, आणि तोवर दवाखान्यातील कंपाउंडर किंवा शेजारची एखादी विश्वासू व्यक्ती चिनूला इंजेक्शन द्यायला शिकली पाहिजे. ती व्यक्ती तुमच्या देखत किमान आठवडाभर इंजेक्शन देऊ दे. वही, मध, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि चिनूचे मापाचे भांडे एकाच टोपलीत ठेवा, आणि इन्सुलिन फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शक्य झाल्यास त्या दिवसांत मुलालाच नाशिकला बोलवा. बिस्किटांचा हिशेब त्याने मांडलाच आहे. सकाळी सातचे इंजेक्शनही त्याला देता येईल.